माकेरे मावशीची उलटी गिटार

माकेरे मावशीने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी गिटार हातात घेतली, तेव्हा सगळ्यात आधी हसलो ते आम्ही घरचेच. मीही हसले. आता कबूल करायला काय जातंय.

मावशी म्हणजे आमच्या मराएच्या, म्हणजे गावाच्या सभाघराच्या, स्वयंपाकघराची मुकादम. लग्न असो, मयत असो, खाडीवरची सगळी माणसं जमतात ती मराएवर, आणि त्या दीडशे-दोनशे तोंडांना घालायचं काम मावशीच्या पलटणीचं. मी त्याच पलटणीतली, बटाटे सोलणारी. चुलीशी राबणाऱ्यांना आमच्याकडे 'गरम हात' म्हणतात. मावशी उकळतं पातेलं फडक्याशिवाय उतरवायची, तेव्हा ते नाव तिला कसं शोभायचं हे वेगळं सांगायला नको.

जेवणं उरकली की पाहुणे उभे राहून स्वयंपाकघरासाठी गाणं म्हणतात. मग गरम हातांनी एप्रनला हात पुसत बाहेर यायचं आणि गाण्याला गाण्यानेच उत्तर द्यायचं, ही रीत. तिथे गिटार लागतेच. इतकी वर्षं ती मावशीचा चुलतभाऊ, म्हणजे आमचा रापाता मामा, वाजवायचा. पण संधिवाताने त्याची बोटं आखडली, आणि वाजवणारी पोरं कुणी गिसबर्नला, कुणी वेलिंग्टनला, कुणी थेट सिडनीला कामाला गेली. गेल्या खेपेला पलीकडच्या खाडीचे लोक तीन गिटारी घेऊन आले. ते गायले ते काय गायले. आम्ही गिटारीविना उभ्या राहिलो आणि एकीचा सूर छपराला, दुसरीचा जमिनीत. पाहुणे सभ्य, हसले नाहीत. नुसते पुडिंगच्या वाटीत बघत राहिले. ते मला हसण्यापेक्षा जास्त झोंबलं, आणि मावशी तर आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही.

सहा आठवड्यांनी आमच्या नव्या भोजनगृहाचं उद्घाटन होतं. येणारे पाहुणे तेच.

"या वेळी वाजवणार कोण?" मी विचारलं.

"मी," मावशी पिठाचा गोळा आपटत म्हणाली.

"तुला कुठे येतं?"

"मला पावही येत नव्हता. आता खातेस ना मिटक्या मारत?"

दुसऱ्याच दिवशी दुपारी तिने मामाला स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी आणून बसवला. एक गिटार मामाची, दुसरी सिडनीला गेलेल्या भाच्याची. मामा टेबलाच्या त्या बाजूला, मावशी या बाजूला, आणि मध्ये चहाची किटली.

मामाची शिकवण म्हणजे आनंदच. तो बोलायचाच नाही. आखडलेली बोटं एकेक करून तारांवर ठेवायची आणि मावशीकडे बघायचं, बस. फारच झालं तर म्हणायचा, "जाडीकडून दुसरी तार." वरची, खालची असं चुकूनही नाही. त्याच्या गिटारचा दांडा खिडकीकडे, म्हणून मावशीचाही खिडकीकडे.

"दादा, अरे तोंडाने काहीतरी सांग की."

"तोंड गायला आहे," मामा म्हणाला. "आणि छेडणारा हात थांबवायचा नाही. चुकलेला सूर लोक विसरतात. अडलेलं गाणं नाही विसरत."

पहिला आठवडा ऐकवत नव्हता. जी, सी आणि डी, एवढे तीन कॉर्ड. पण सीवरून डीवर जाईपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हावा. एक मात्र होतं. नवशिक्यांच्या बोटांची तारांनी सालटी निघतात, आठ-आठ दिवस रडतात लोक. मावशीला काहीच झालं नाही. पातेल्यांनी भाजून भाजून बोटांची टोकं केव्हाच निबर झाली होती. "या तारा आहेत होय?" असं तिने विचारलं तेव्हा मामा खो खो हसला.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी जिंग-आ-जिक, जिंग-आ-जिक असा ठेका आला आणि टिकला. मी सोललेला बटाटा सालींत टाकला आणि साल पातेल्यात. मावशी गात होती, वाजवत होती, आणि दोन्ही एकमेकांना सोडून पळत नव्हती. काय सांगू, मला नाचावंसं वाटलं, आणि मी नाचलेही. त्या दिवसापासून मावशीला दुसरं काही सुचेना. पाव भाजायला टाकला की गिटार, बटाटे उकळेपर्यंत गिटार. दोनदा पुडिंग खाली लागलं. याआधी ते तीस वर्षांत लागलं नव्हतं.

आठ दिवस उरले होते. मामा किटली भरायला उठला, मावशीच्या मागून चुलीकडे निघाला, आणि तिच्या खांद्यावरून खाली बघत थबकला.

"माकेरे," तो म्हणाला, "उलटी आहे ही."

"काय उलटी?"

"गिटार. जाड तारा खाली आल्यात तुझ्या. उजव्या हाताने दाबतेस आणि डाव्याने छेडतेस."

समोरून बघताना मामाला सगळं आरशासारखं बरोबर दिसत होतं. तारा जाडीवरून मोजल्यामुळे सूरही बरोबरच लागत होते. आणि माझं म्हणाल, तर मला गिटारीतलं ढिम्म कळत नाही.

"पाच आठवडे बघतोयस, डोळे काय घरी ठेवून येतोस?" मावशी भडकली.

"मी डोळे मिटून ऐकत होतो," मामा ओशाळून म्हणाला. "बारीक तारा आधी वाजत होत्या. मला वाटलं, हिचा हात हलका आहे."

मावशीने दोन दिवस सुलटी धरून पाहिली. हात म्हणजे नुसते ओंडके. तिसऱ्या दिवशी तिने गिटार टेबलावर ठेवली आणि एप्रन डोळ्यांना लावला. मी तिला कांदा चिरतानासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

"त्या तीन गिटारवाल्यांसमोर उलटी धरून बसू? आधी सुराचं हसं झालं, आता माझं होणार."

"होऊ दे," मामा म्हणाला. "तुझं झालं तर चालेल. गाण्याचं नको."

मावशीने नाक पुसलं आणि गिटार उचलली. उलटीच.

उद्घाटनाच्या दिवशी पहाटेपासून हांगीचे खड्डे तापले. डुक्कर, कोंबड्या, रताळी, सगळं मातीखाली वाफवून निघालं. पुडिंगही नीट झालं. मग पाहुणे उठले आणि तीन गिटारींवर असे गायले की नव्या खिडक्या थरथरल्या. आता आमची पाळी. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. मावशीसाठी मी खुर्ची ओढली, कारण तिला बसूनच वाजवता येत होतं.

पाहुण्यांचा पुढचा गिटारवाला, तरणाताठा गडी, वाकून हळूच म्हणाला, "मावशी, उलटी धरलीत."

"ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "तू सुलटं ऐक."

जिंग-आ-जिक. पहिलं कडवं लोण्यासारखं गेलं. दुसऱ्यात डीवर जाताना बोट घसरलं आणि असा बेसूर निघाला की माझे डोळे मिटले. पण छेडणारा हात थांबला नाही. आम्ही गळे फाडून सूर ओढून धरला, आणि पुढच्या फेरीला तिचं बोट जागेवर येऊन बसलं. शेवटच्या ओळीला पाहुणे टेबलं बडवत होते. मामा भिंतीला टेकून डोळे पुसत होता.

"आणखी एक होऊ द्या," पाहुण्यांतून हाक आली.

मावशीला एकच येत होतं. पुढच्या गिटारवाल्याच्या ते लक्षात आलं असावं, पोरगा भला होता. त्याने हात पुढे केला. "द्या मावशी, दमल्या असाल. पुढचं मी वाजवतो."

पाहुण्याने हात पुढे केला आणि मावशीने त्यात काही ठेवलं नाही, असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. तिने त्या हाताकडे बघितलं.

"दमले नाही," ती म्हणाली. "मला एकच येतं. तेच परत वाजवणार आहे."

तेच वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा पाहुण्यांच्या तिन्ही गिटारी तिच्या मागून निघाल्या. तेवढ्यात आतून भांड्यांचा आवाज आला. पाहुण्यांच्या बायका बाह्या सारून आमच्या मोरीशी उभ्या होत्या. मावशी सवयीने खुर्चीतून अर्धी उठली.

"कुठे निघालीस?" मी तिचा खांदा दाबला. "वाजव."

ती बसली. नव्या भोजनगृहातली पहिली भांडी पाहुण्यांनी घासली.