काट्यावरचा चिखल

सेलूच्या बाहेर एका व्यापाऱ्याचा वजनकाटा होता, त्यावर मी सात-आठ वर्षं नोकरी केली. ट्रक लोखंडी प्लॅटफॉर्मवर चढवायचा, खोलीत बसून दांडीवरचं वजन सरकवायचं, दांडी सरळ झाली की चिठ्ठी फाडायची. तोंडाचा मी फटकळ. डायव्हरांशी रोज तूतू-मैंमैं. पण खोटी चिठ्ठी कधी फाडली नाही. कुणी टेबलावर नोट सरकवली तर खिडकीतून बाहेर भिरकावायचो. आमच्या बौद्ध वस्तीतून असा खुर्चीवर बसलेला मी पहिलाच. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, गावातल्या नजरा फिरलेल्या. मालकानं मला ठेवलं तेव्हा बाजारातले लोक त्याला म्हणाले होते, "काट्याचं काम हाय, कुणालाबी बसवू नका." मालकानं ते मला मुद्दाम सांगितलं. एक चूक झाली की मी घरी.

त्या आठवड्यात आंदोलनाचा दोन दिवस बंद होता, तिसऱ्या दिवशी पाऊस. चौथ्या सकाळी अडकलेले ट्रक एकदम सुटले आणि काट्यापुढं ही रांग. घाईत मी प्लॅटफॉर्म साफ केला नाही. रिकामी दांडी शून्यावर येते का, तेही बघितलं नाही. आपली काळी माती ती. दर चाकामागं प्लॅटफॉर्मवर तिचा थर चढत गेला.

दुपारी तपासणीचे साहेब जीप पुढं घालून सरकीच्या पोत्यांचा एक ट्रक घेऊन आले. डायव्हर चुडावा गावचा, चाळिशीचा, माझ्याशी सगळ्यात जास्त भांडणारा. वजन आलं ते परवानगीपेक्षा तीन क्विंटल जादा. साहेबांनी त्याचं लायसन्स उलटून बघितलं.

"आधीचे दोन शेरे आहेत. आता दंड भर, आणि लायसन्स तीन महिने जमा."

डायव्हरचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, दंड घ्या, लायसन्स नका घेऊ. मालक उद्याच दुसरा डायव्हर बसवंल. चाकाला लय चिखल हाय, तेवढा तरी काढू द्या." आणि परवानगीची वाट न बघता तो टॉमीची लोखंडी पहार घेऊन चाकं खरवडायला लागला.

मला राहवलं नाही. "ओ शहाणे! तो चिखल काट्यावरच पडायलाय की! वजन कमी कसं व्हईल?"

रांगेतले लोक खदाखदा हसले. मीही हसलो आणि हसता हसता माझी नजर प्लॅटफॉर्मवर गेली. सकाळपासूनचा सगळा चिखल या ट्रकच्या वजनात धरला गेला होता.

"पुरे आता," साहेब डायव्हरला म्हणाले. "पटत नसेल तर परभणीच्या काट्यावर चल. परत मोजू."

हो म्हण बाबा, एकदा हो म्हण, असं माझं आतल्या आत चाललं होतं.

डायव्हर टॉमी टाकून खिडकीशी आला. माझ्याकडं बघत म्हणाला, "कशाला साहेब? ह्या माणसाशी माझं रोज वाजतंय, पण ह्याचा काटा लबाड न्हाई. हमालांनीच पोती जादा टाकली असतील. लिहा तुमी."

माझा मालक दारात उभा होता. 'थांबा साहेब', एवढेच दोन शब्द बोलायचे होते. मी चिठ्ठी फाडून साहेबांच्या हातात दिली. भेकड! दुसरा शब्द नाही.

ट्रक खाली उतरला. रिकाम्या काट्याची दांडी सरळ झाली ती चार क्विंटलवर. म्हणजे त्याच्या ट्रकात जादा काहीच नव्हतं. साहेबांची जीप अजून फाटकाशीच होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो.

महिन्याभरानं तो पुन्हा आला, दुसऱ्याच्या ट्रकवर, पोत्यांच्या थप्पीवर बसून. हमाली करत होता. मला बघून त्यानं हात वर केला.

"जय भीम, काटेवाले!"

तो मला असं कधीच म्हणाला नव्हता. त्या दिवसांत त्याच्या गावच्या सवर्णांतलं कुणी चारचौघांत असं म्हणतही नव्हतं. रांगेतले दोघं-तिघं वळून त्याच्याकडं रोखून बघायला लागले. त्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा म्हणाला, आणखी मोठ्यानं.

मीही जय भीम म्हणालो, पण मान वर करून नाही.