देवानं रूथआजींची एक प्रार्थना ऐकली नाही

मंडळी, आज कोल्हारच्या चर्चमधली उपासना सुटल्यावर नव्वदी ओलांडलेल्या रूथआजींना मी सहज विचारलं, "आजी, तुमचा विश्वास कधी डळमळला का हो?"

"डळमळला? पार उडाला हुता!"

गोष्ट चाळीसच्या दशकातली. आजी ऐन तरुण. अंगावर देवीच्या रोगाचे फोड आले, लागण पसरू नये म्हणून त्यांना शेतातल्या खोपीत एकटं ठेवलं. आई बांधावर भाकरी ठेवून लांबूनच रडायची. देवही विसरला असं वाटून आजींनी प्रार्थनाच सोडली.

एका संध्याकाळी बांधापलीकडून कुणीतरी चर्चमधलं गीत म्हणू लागलं. शेजारचा शांतवन नावाचा तरुण होता तो. इतका बेसूर, की चर्चमध्ये त्याला गाऊच देत नसत. पण तो रोज येऊ लागला.

"मग मी परत हात जोडले. म्हनलं, देवा, तू हायेस, पटलं मला. आता ह्याला गप कर!"

"ऐकलं देवानं?"

"कुठलं काय! बरी झाले आन् त्याच्याशीच लगीन लागलं. जल्मभर ऐकलं."

आम्ही पोट धरून हसलो. मग आजी हळूच म्हणाल्या, "त्यो गेल्यापास्नं घरात लई शांत वाटतं बघ."

तुम्ही एकटे पडला होतात, तेव्हा तुमच्यासाठी कोण आलं होतं?