बोट समुद्रात, टिंब धक्क्यावर

नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यातली दुपार. परळच्या आमच्या ऑफिसात मी आणि मॅनेजर कामत साहेब, दोघेच होतो. फोन स्पीकरवर होता. पलीकडे मच्छीमार नगरच्या हिराबाई, एका बोटीच्या मालकीण.

"तुमचा डबा सांगतो, बोट धक्क्यावर हाय. मी धक्क्यावरच उभी हाय. कुठं हाय बोट?"

बोटीवर त्यांचा मुलगा आणि चार खलाशी होते. सकाळीच परतायला हवे होते. मोबाइल लागत नव्हता, वारा वाढत होता. शोधायला दुसरी बोट डिझेल भरून तयार होती. पण जायचं कुठल्या दिशेला?

तो डबा आमच्या कंपनीचा, बोट कुठे आहे ते मॅपवर दाखवणारा; दोनच दिवसांपूर्वी धक्क्यावर सुरू करून दिलेला. सर्किट माझं. आत दोन कामं चालतात. जीपीएस उपग्रहांचे सिग्नल पकडून आपली जागा काढतो; त्याला डोक्यावर मोकळं आकाश लागतं. मग मोबाइलमध्ये असतं तसंच सिमकार्ड ती जागा टॉवरमार्फत आमच्या सर्व्हरला कळवतं. एक काम बंद पडलं तरी दुसरं चालू राहू शकतं.

तेच झालं होतं. मेसेज वेळच्या वेळी येत होते, म्हणजे सिम चालू होतं. जागा मात्र दोन दिवसांपूर्वीची, धक्क्यावरची. स्क्रीनवर तिच्या शेजारी वेळ आत्ताची आणि हिरवं टिंब: 'लाइव्ह'.

हे आपोआप झालेलं नाही. जीपीएस मिळाला नाही तर 'जागा माहीत नाही' असं दाखवायचं, असा प्रोग्रॅम मी लिहिला होता. डेमोआधी साहेबांनी तो बदलायला लावला. "कस्टमरला रिकामा मॅप दाखवणार? शेवटचं लोकेशन दाखवा." मी ईमेलवर विरोध केला. उत्तर आलं, "नोटेड."

"बाई, दोन मिनिटं द्या," मी म्हटलं. सिम कुठल्या टॉवरला जोडलंय, त्याचा नंबर प्रत्येक मेसेजबरोबर येतो. त्यावरून नेमकी जागा नाही, पण बाजू कळते. ताजे मेसेज अलिबागच्या बाजूच्या टॉवरवरून आले होते. तसं सांगितलं. दुसरी बोट तिकडे गेली आणि संध्याकाळी इंजिन बंद पडलेली बोट ओढत घेऊन आली. पाचही जण धड होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बोटीवर गेलो. सिमचा अँटेना लांब वायरने डोलकाठीवर बांधलेला, म्हणून मोबाइल लागत नसतानाही मेसेज येत होते. जीपीएसचा अँटेना डब्यातच असतो, आणि डबा होता केबिनमधल्या देव्हाऱ्यात, पत्र्याच्या छपराखाली.

साहेब उसळले. "देव्हाऱ्यात जीपीएस ठेवतं का कोणी?"

"तुमच्याच कागदावर लिवलंय, जपून ठेवा," हिराबाई म्हणाल्या. "बोटीवर जपायची जागा तीच. आन देवाशेजारी बसून खोटं बोलायला त्याला कोणी शिकवलं, साहेब?"

साहेब माझ्याकडे बघू लागले, जणू मी काहीतरी सावरून घ्यावं. मी काय म्हणून सावरू? पत्रा ही साधी अडचण होती. स्क्रीनवर खरं लिहिलं असतं, तर बाईंचा फोन पहिल्याच दिवशी आला असता, बोट धक्क्यावर असताना. रिकामा मॅप वाईट दिसतो म्हणून पाच माणसांचा पत्ता खोटा दाखवायचा, याला डेमो म्हणत नाहीत.

यंत्राला माहीत नसेल तेव्हा त्याला 'माहीत नाही' म्हणू द्यावं. तो बदल मी त्याच संध्याकाळी केला, कोणालाही न विचारता.

शोधायला गेलेल्या बोटीच्या डिझेलचे चार हजार दोनशे रुपये कंपनीने त्या बोटीच्या मालकाला दिले. व्हाउचरवर साहेबांनी कारण लिहिलं: कस्टमर रिलेशन.