लाग पातीला

आमची आई अक्काबाई डाळजच्या रानात खुरपायला जायची. शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली, तरी अभ्यास कसा करायचा ते मला तिनंच शिकवलं. खुरपणीत एकेका बाईच्या वाट्याला एकेक ओळ येते, तिला पात म्हणतात. पात धरली की बांध येईस्तोवर मान वर करायची नाही. बांधावर टेकायचं, पाणी प्यायचं, मशेरी लावायची, मग दुसरी पात.

चौऱ्याण्णवला बारावीच्या इंग्रजीत माझी दांडी उडाली. दिवसभर पुस्तक उघडं आणि डोकं भिगवणच्या बाजारात, दुसरं काय होणार? ऑक्टोबरला परत बसायचं होतं. पास झाले तर नर्सिंग, नाहीतर खुरपं. आई मला रानात नेऊन बांधावर बसवायची. तिनं पात धरली की मी पुस्तक धरायचं, ती बांधाला आली की मिटायचं. मिटायचं म्हणजे मिटायचंच. एकदा इसाव्यात चोरून शब्द पाठ करत होते, तर पुस्तक हिसकावून घेतलं. इसावा अर्धा घेतला की काम बी अर्धंच व्हतं, म्हणाली. आणि ती "लाग पातीला" म्हणेपर्यंत उघडायचं नाही. हिच्यापेक्षा हेडमास्तर परवडला. पण महिन्याभरात निम्मं पुस्तक डोक्यात गेलं, खोटं कशाला बोलू?

पेपरच्या चार दिवस आधी, भुईमुगात, तिसरी पात संपवून ती बांधावर आली. बाभळीला टेकली. पाणी मागितलं नाही. मी पुस्तक मिटलं. बाकीच्या बायका पुढच्या पातीत निम्म्यावर गेल्या तरी ती काही बोलेना, म्हणून मीही बसून राहिले. मला वाटलं, आज जास्त दमली असंल. शेवटी तिच्या जोडीची गोजरबाई उठून आली. तिनं आईचा हात उचलला आणि हळूच खाली ठेवला.

मला रडू आलं नाही. घरी बुद्धवंदना झाली, पाहुणे आले नि गेले. पोरगी दगड हाय, असं कुणीतरी म्हणालं. म्हणू दे. आत काहीच नव्हतं, आणू कुठून?

पेपरला गोजरबाईनं नेलं. पहिल्या अर्ध्या तासाची घंटा झाली आणि मी पेन खाली ठेवलं, हाताची घडी घातली. सगळी पोरं खाली मान घालून लिहीत होती. वर्गावरच्या मोहनराव सरांनी वाकून विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हणाले, बांधावर हाय. त्यांना काय कळणार, डोंबल? दुसरी घंटा झाली. तरी मी थांबलेलीच.

मग मीच म्हणाले, "लाग पातीला."

आई गेली हे मला तेव्हा कळलं. खाली मान घातली ती शेवटच्या घंटेपर्यंत वर केली नाही. छत्तीस पडले. पस्तीसला पास करतात.