बाई घर बघायला आल्या

समोरच्या खोलीतल्या मुलीला आमच्या इमारतीत सगळे वकीलसाहेब म्हणायचे. आईवडिलांबरोबर या देशात आली तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि वर्षभरात इथली भाषा फाडफाड बोलायला लागली. मी तिच्या कितीतरी आधी आलेली, पण माझी भाषा शिवणकामाच्या गिऱ्हाइकांपुरती. सरकारी कागद आला की मीही तिच्याच दारात. एकदा तिने घरमालकाला असं काही पत्र लिहिलं, की वर्षानुवर्षं गळणारा नळ तिसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. तेव्हापासून ती वकीलसाहेब.

चेष्टेतलं नाव पोरीने मनावर घेतलं. कायदाच शिकायचा म्हणाली. परदेशातून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांचा कॉलेजचा सगळा खर्च करणारी एक संस्था होती. तिथे तिने अर्ज केला आणि त्यात खरं तेच लिहिलं. एक खोली. वडील शीतगृहात रात्रपाळीला, म्हणून दिवसा खोलीत अंधार करून झोपणार. आई हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणार. मुलगी अभ्यास करणार जिन्यात, तिसऱ्या पायरीवर. मार्क सगळ्यांच्या वर. संस्थेने कळवलं, आमच्या बाई गुरुवारी चार वाजता घर बघायला येतील.

तिने आईला एवढंच सांगितलं आणि गुरुवारी शाळेला गेली. घर आहे तसं राहू दे, हेही सांगावं लागेल असं तिला वाटलंच नाही. वकील झाली तरी पोरच ती.

तिची आई, आमच्या वहिनी, माझ्याकडे आल्या त्या रडवेल्या होऊन. "ताई, एवढ्या मोठ्या बाई येणार, त्यांना बसायला काय देऊ? बादली उपडी घालू?"

"अहो, मी मेले का?" मी म्हणाले.

मेले असते तर बरं झालं असतं. माझा सोफा दोघांना धरायला लावून तिकडे नेला. गिऱ्हाइकाचे शिवून ठेवलेले नवेकोरे पडदे टांगले. खालच्या मजल्यावरून कपबशा आणल्या. वडिलांची गादी गुंडाळली आणि त्यांना माझ्या खोलीत कापडांच्या ढिगात झोपायला पाठवलं. पाहुण्यासमोर घर उघडं पडू द्यायचं नाही, एवढं एकच शिक्षण घेऊन आम्ही बायका देश ओलांडतो. वहिनींनी हातावरचे इस्त्रीचे चटके झाकायला लांब बाह्यांचा ब्लाउज घातला. खोली अशी दिसायला लागली की मलाच तिचा हेवा वाटला.

मुलगी आणि बाई एकदमच जिना चढून आल्या. दारातच पोरीचा चेहरा उतरला.

बाई सोफ्यावर बसल्या, चहा घेतला. इथे राहायला काही अडचण होते का, असं त्यांनी वहिनींना विचारलं. मुलीने ते आपल्या भाषेत सांगितलं.

"सांग, काही कमी नाही आम्हाला," वहिनी म्हणाल्या.

"आई, खरं सांग गं."

"परक्या माणसापुढे रडायचं का आता? मी म्हणते तसं सांग."

मुलीने आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मग स्वतःचं म्हणून इथल्या भाषेत ती भरभर बोलली, "पण हे सामान आमचं नाही. पडदेसुद्धा नाहीत. तुम्ही येणार म्हणून आणलंय."

बाईंनी सोफ्यावर हात ठेवून वहिनींना विचारलं, "तुमचा?" तेवढा शब्द वहिनींना येत होता. त्या लाजून हसल्या आणि मान डोलावली. बाई माझ्याकडे वळल्या. "यांचाच ना?"

मला सगळं समजलं होतं. पोर काय बोलली तेही आणि कशासाठी बोलली तेही. पण माझ्यासमोर वहिनींचं ते हसू होतं. या बाईंसमोर त्यांना खोटं कसं पाडू? मी म्हणाले, "हो, यांचाच."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा छान होता म्हणून उठल्या.

अर्जात खोटी माहिती दिली, म्हणून संस्थेने मुलीचं नाव कायमचं काढलं. पुन्हा अर्ज करता येणार नाही. मी संस्थेत धावत गेले, मोडक्यातोडक्या भाषेत सगळं कबूल केलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही त्या दिवशी खोटं बोललात, की आज बोलताय?"

आता वकीलसाहेब आईच्या शेजारच्या टेबलावर चादरींना इस्त्री करते. पण पत्र आलं तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिने ते आधी मनातल्या मनात वाचलं, मग माझ्या हातात दिलं. मला कळले ते दोनच शब्द, 'खोटी माहिती', आणि तेवढे पुरले. वहिनी पदराला हात पुसत आल्या.

"काय गं लिहिलंय?"

"जागा भरल्या म्हणे, आई."

"अगं बाई!" वहिनी मटकन खाली बसल्या. मग म्हणाल्या, "पण घर आवडलं होतं ना त्यांना?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

"हो," ती म्हणाली. "खूप आवडलं होतं."