पुरुषांनी गॅलरीत थांबायचं

मालन घाडीगावकर म्हणजे बोलायला मऊ आणि हलवायला लोखंडी कपाट. परळच्या एका संस्थेत ती गावांची पाहणी करते. विहिरी, रस्ते मोजणारे वेगळे. हिच्या वाट्याला माणसं. बायका सभेत बोलतात का, अडचणीला कोण धावतं, असलं सगळं. उत्तरं बघून संस्था एका गावात बायकांच्या बैठकीला खोली बांधून देणार होती, आणि यंदा यादीत मालनचं स्वतःचं गाव होतं, मालवणकडचं.

फॉर्म गावाला गेले आणि आठ दिवसांत भरून आले, ते लालबागेतून! गावच्या मुंबईकर मंडळाच्या खोलीत अध्यक्ष जयवंतकाकांनी चहा मागवला आणि बत्तीस घरांची उत्तरं एका बैठकीत लिहून टाकली. सगळीकडे 'हो'. एवढं सुखी गाव, त्याला खोली कशाला देतील?

सोमवारी फॉर्म संस्थेत जमा करायचे होते. मंडळाच्या रविवारच्या सभेत मालन गठ्ठा घेऊन हजर.

"काका, आमची राधाकाकी ग्रामसभेत बोलते म्हणे?"

"तिच्या मुलाला, हितेंद्रला विचारलं ना. हा काय बसलाय."

"आणि हितेंद्र, तू तिला विचारलंस?"

हितेंद्र पंख्याकडे बघायला लागला.

"अगं, गावाची इज्जत असते," काका म्हणाले. "नाही-नाही लिहून नाक कापून घेऊ?"

"नाकाचा रकाना नाहीये, काका."

तिने फोन स्पीकरवर टाकला. "काकी, ग्रामसभेत बोलतेस?"

"सभा कधी आसता तां तुमच्या व्हॉट्सॅपार येता. माझो फोन साधो. माका कळता तवसर सभा आटपान जाता."

मग काकाच म्हणाले, "आमच्या वहिनीला लाव. मी विचारतो."

"तुम्ही विचाराल तर ती 'बरं चाललंय'च म्हणेल. सगळे गॅलरीत जा. दार ओढून घ्या."

गेले की हो! अकरा बाप्ये कठड्याला टेकून उभे, आणि आत मालन घरोघर फोन लावतेय, 'फोन आईकडे द्या' म्हणत. तीन तास. मध्ये काकांनी दार किलकिलं केलं.

"वहिनी काय म्हणाली?"

"बाहेर."

बत्तीसपैकी तेवीस 'नाही' घेऊन ती बाहेर आली. फॉर्म नव्याने भरलेले, आता त्यांवर अध्यक्षांची सही हवी. काकांनी आधी वहिनीचा फॉर्म शोधला. 'अडचणीला कोणाकडे जाता?' समोर मालनच्या अक्षरात होतं: कोणाकडे नाही.

"मला कधी बोलली नाही," काका म्हणाले.

मालनने पेन पुढे केलं. "सही खाली, डावीकडे. बत्तीसही फॉर्मवर."