टिकारामजींचं कनेक्शन चुकत नाही

भिलाईत, सुपेल्यातल्या त्या गल्लीत टेम्पो थांबला आणि त्यातून छातीइतक्या उंच दोन पेट्या उतरल्या, तेव्हा समोरच्या नरेशने पाच मिनिटांत बातमी फिरवली की मेश्रामांकडे दोन फ्रीज आले. दुसऱ्या घरी पोचेपर्यंत फ्रीजचं कपाट झालं आणि तिसऱ्या घरात तर अतुलचं लग्नच ठरलं. खरं एवढंच होतं की पुण्याला नोकरी करणाऱ्या अतुलने काहीतरी छोटं, नवं घेतलं होतं आणि आपले जुने, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर ॲम्प्लिफायरसकट बापाकडे, टिकाराम मेश्रामांकडे, धाडून दिले होते.

"बापा, एवढे मोठे!" टिकारामजींच्या बायको सत्यशीलाबाई दारातच थबकल्या. "याईले चहा विचारा लागते का?"

टिकारामजी हसले नाहीत. यंत्र घरात आलं की ते हसत नसत. चौतीस वर्षं त्यांनी भिलाईच्या कारखान्यात क्रेनचे इलेक्ट्रिशियन म्हणून काढली होती. वितळलेल्या लोखंडाच्या बादल्या माणसांच्या डोक्यावरून नेणाऱ्या त्या क्रेन, आणि त्यांच्या मोटरींची जोडणी यांच्या हातची. त्यामुळे "माझं कनेक्शन चुकत नाही" हे वाक्य त्यांनी लग्नांत सांगितलं, बारशांत सांगितलं, एकदा तर मयतीला गेले असता तिथेही सांगून आले. लोकांनी मान डोलावली. मयतीत दुसरं करणार काय?

स्पीकरची त्यांना हौस होती असं कोणी म्हणेल, पण हौस वगैरे काही नव्हती. त्यांच्या मनात एक कॅसेट होती.

एक्क्याण्णव साली सेक्टरमधल्या विहारात भीमजयंतीला सत्यशीलाबाईंनी स्वतः जुळवलेलं गीत म्हटलं होतं, ते कोणीतरी साध्या टेपवर भरून घेतलं. ढोलकीला टिकारामजी. त्या काळी दुर्गपासून पॉवर हाउसच्या वस्तीपर्यंत बाईंना बोलावणी यायची. मग नऊ वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज घोगरा झाला आणि बाईंनी गाणं असं मिटवलं की जणू कधी उघडलंच नव्हतं. आता विहारात मुलींना शिकवणारी शालू महिनाभर मागे लागली होती, काकू, ते गीत पोरींना शिकवा. काकूंचं उत्तर ठरलेलं. "काय होतं त्या आवाजात? जनाची रीत हाय, तोंडावर चांगलंच म्हणते." शेवटी शालूने रविवार दिला. हो किंवा नाही, सांगून टाका. गीत कागदावर कुठेच नव्हतं, त्या एका कॅसेटवर आणि बाईंच्या तोंडी तेवढं होतं. बाई नाही म्हणाल्या की ते त्यांच्याबरोबरच जाणार होतं, आणि हे टिकारामजींना खुपत होतं. बाईंनी एकदा स्वतःला नीट ऐकावं, एवढाच त्यांचा बेत होता.

शनिवारी ते कामाला लागले. अतुलने सोबत लाल-काळी वायर दिली होती. टिकारामजींनी ती चिमटीत धरून बघितली आणि ठेवून दिली. एवढ्या बारक्या वायरीने त्यांनी कारखान्यात जेवणाचा डबाही बांधला नसता. ट्रंकेतून त्यांनी आपली जाड केबल काढली. आतल्या दोन्ही तारा काळ्या.

फोनवर अतुल सांगत होता, "बाबा, लाल लालमध्ये, काला काले में. एक भी उलटा मत करना."

"मले शिकवून राहिला का बे? बल्ब उलटा जोडला त उलटा उजेड पडते का?"

"बाबा, बल्ब नाही ना ते..."

"ठेव फोन. जेवला का? जेवून घे."

मग सुतळी आली, पाणसळ आली. भिंतीपासून दोन्ही पेट्या सारख्या अंतरावर. फरशी डावीकडे उतरती निघाली, म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. एका पेटीपासून दुसरीपर्यंत जेवढी सुतळी, तेवढीच प्रत्येक पेटीपासून सत्यशीलाबाईंच्या खुर्चीपर्यंत. दोन पेट्यांच्या मध्ये भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. तिथला टीव्ही हलवून त्यांनी जागा मोकळी केली. बाई मालिका सोडून हे सगळं बघत होत्या.

रविवारी अकराला शालू आली. "जयभीम काकाजी, जयभीम काकू." शालूबद्दल एवढंच सांगायला हवं की ती फार गुणी, पण तिच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत रेल्वे फाटकापलीकडे गेलेली असते. टिकारामजींनी सत्यशीलाबाईंना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि जुन्या डेकमध्ये कॅसेट घालून बटण दाबलं.

आवाज आला. पण कुठून आला ते कळेना. पातळ, विस्कटलेला, पाण्यावर तेल पसरावं तसा खोलीभर पसरलेला, बुडखा नसलेला. ढोलकी तर बिस्किटाच्या रिकाम्या डब्यासारखी वाजत होती.

पहिलं कडवं संपायच्या आत सत्यशीलाबाई म्हणाल्या, "आवाज कमी करा."

"अवं, आयक त..."

"आयकलं." त्या शांतपणे म्हणाल्या, आणि तेच वाईट होतं, चिडल्या असत्या तर टिकारामजींना सोपं गेलं असतं. "मी म्हणतच होते ना. काहीच नव्हतं त्यात. शालू, पोरीले दुसरं कोणतं बी शिकव. आन् तुमी ते काढून द्या मले, टाकून देते. उगाच काहून ठेवाचं?"

शालूने सावरलं. "टेप जुनी झाली असन, काकू. बुरशी लागते."

टिकारामजींना वाट मिळाली होती. टेप जुनी झाली, संपलं. कोणाचंच काही गेलं नसतं. ते आवाज कमी करायला वाकले, आणि वाकताना त्यांचा कान उजव्या पेटीजवळ गेला. तिथे ढोलकी होती. भरीव, तळहाताची. ते खुर्चीजवळ गेले, ढोलकी नाहीशी. त्यांनी एका पेटीची वायर उपसली. दोनाची एक पेटी उरली आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी भरला.

ते तसेच उकिडवे बसून राहिले. क्रेनच्या पुलाला, म्हणजे आडव्या तुळईला, दोन टोकांना दोन मोटरी असतात. एकीची जोडणी उलटी झाली तर दोघी जीव तोडून ओढतात आणि क्रेन जागच्या जागी कण्हत उभी राहते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक क्रेन अशी अर्धी पाळी कण्हली होती. "दोघीबी जोर लावून राहिल्या बे, पण एकमेकीच्या विरुद्ध," असं म्हणून त्यांचे उस्ताद दौलतराव हसले होते आणि वरच्यांना टिकारामजींच्या ऐवजी स्वतःचंच नाव सांगून मोकळे झाले होते. दौलतराव जाऊन बारा वर्षं झाली. ही गोष्ट टिकारामजींनी कुठल्याच लग्नात, कुठल्याच मयतीत सांगितली नव्हती.

त्यांनी शालूकडे पाहिलं. ती कान देऊन बसली होती. मग सत्यशीलाबाईंकडे पाहिलं. त्या उठून डेकपाशी आल्या होत्या आणि कॅसेटसाठी त्यांनी हात पुढे केला होता.

"टेप चांगली हाय," टिकारामजी म्हणाले. "तुहा आवाजबी चांगला हाय. कनेक्शन उलटं हाय. माह्यानं चुकलं."

शालूच्या भुवया वर गेल्या. सत्यशीलाबाईंचा हात तसाच राहिला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकले होते. "काय म्हणाले?"

"चुकलं म्हनलं. बस तू."

त्यांनी ॲम्प्लिफायर बंद केला, एका पेटीच्या दोन तारा अदलाबदल केल्या आणि टेप मागे नेली.

या वेळी आवाज पसरला नाही. दोन पेट्यांच्या मधोमध, दोन्ही फोटोंच्या खाली, जिथे कोणीही नव्हतं तिथे एक जवान बाई येऊन उभी राहिली आणि गाऊ लागली. रुंद, मोकळा आवाज, शेवटच्या बाकावरच्या माणसाला उद्देशून लावलेला. सत्यशीलाबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"याच्यातून नाही, त्याच्यातूनबी नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मंधातून येते."

त्यांनी पदर सारखा केला, पाहुणी समोर असावी तसा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दुसऱ्या कडव्यात त्यांनी एकदम हात वर केला. "थांबवा."

टिकारामजींनी बटण दाबलं.

"इथं ढोलकी पुढं पळाली. मी कशी धरून ठेवली, आयका!"

"ढोलकीवर कोण होतं, काकू?" शालूने विचारलं.

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बुधवारी आण पोरीले. चाल याच्यावरून आयकतीन, चुकलं त मी सांगीन. ताल मी टाळ्याईनं देईन. याईले वायरी पाहू दे."

शालू गेली आणि व्हायचं ते झालं. संध्याकाळी टिकारामजी घराच्या फाटकाशी उभे होते, तर समोरून नरेश दात काढत आला. "काकाजी, कनेक्शन चुकलं म्हणते तुमचं? पहिल्यांदाच?"

"दुसऱ्यांदा," टिकारामजी म्हणाले आणि फाटक उघडलं. "पहिल्यांदाचं अजून कोणालेच सांगतलं नाही. ये आत. दौलतराव म्हणून एक माणूस होता."